मुंगीसुद्धा नसलेलं घर

सोमवार, ३ मार्च

धाकटे,

पत्र परत पाठवायची एवढी हौस असेल तर निदान फोडून तरी परत पाठव. माझं पाकीट जसंच्या तसं माझ्याच दारात आलं. पोस्टमन मला विचारतो, "बाई, स्वतःलाच पत्रं लिहिता का?" चौथीपर्यंतची माझी शाळा. एक पान लिहायला सकाळची दुपार होते, बोटं आखडतात. फोनवर बोलले असते, पण माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस. अकरा वर्षं झाली. एवढा डूख नागीणसुद्धा धरत नाही.

म्हणून हे दुसरं. ह्या वेळी पाकिटावर पत्ता आमच्या ह्यांच्याकडून लिहून घेतलाय, म्हणजे तू फसून तरी फोडशील. फोडलंस ना? मग आता पुरतं वाच.

पोरीसाठी जे घर घेते आहेस ते घेऊ नकोस.

मला कुठून कळलं म्हणशील. मी अजून त्याच इंजिनियर साहेबांकडे आहे. घर विकत घ्यायचं तर बँक आधी तपासून मागते, भिंतीला ओल आहे का, तडे आहेत का, लाकडाला वाळवी आहे का. ते तपासायचं काम साहेबांचं. कागदावर मी त्यांच्या ऑफिसची झाडूवाली, पण लाकूड मीच बघते. साहेबांचं यंत्र टूं टूं करतं, माझं बोट बोलतं. गेल्या महिन्यात नवीन फॉर्म आला. मी एकेक अक्षर लावत खरेदीदाराच्या रकान्यापर्यंत पोचले, तर तुझं नाव. खाली जावयाचं. साहेबांना मी सांगितलं नाही की ही माझी बहीण. नात्यातलं घर तपासायचं नाही हा नियम त्यांनी तुझ्याच घरानंतर केला. सांगितलं असतं तर मला नेलंच नसतं.

घर तू पाहिलेलं नाहीस, जावयाने फोटो पाठवले असतील. फोटोत छान दिसतं, मी नाही म्हणत नाही. बैठं, फळ्यांची जमीन, वर माळा, मागे अंगण. तीन वर्षं बंद आहे. आता माझं ऐक. बंद घर म्हणजे किड्यांचं माहेर. दार ढकललं की पाल पळते. खिडकीच्या खोबणीत मेलेल्या माशा असतात, दिव्याच्या भांड्यात पाकोळ्यांचा चुरा असतो, कोपऱ्यात जाळी. मी तेरा वर्षं बंद घरं उघडते आहे, एकही घर रिकामं पाहिलेलं नाही.

हे रिकामं आहे. धूळ बोटभर, पण त्या धुळीवर एक रेघ नाही. जाळं नाही. झुरळाची लेंडी नाही, उंदराची नाही. मेलेली माशीसुद्धा नाही, म्हणजे मरायलाही कोणी आत आलं नाही. बाहेर अंगणात मुंग्यांची रांग चालली होती. उंबऱ्याजवळ आली आणि वळली. भिंतीपासून हातभर अंतर राखून अख्ख्या घराला वळसा घालून पलीकडे गेली. मी तिच्या मागोमाग चालत गेले. कुठेही ती रांग त्या हातभर जागेत शिरली नाही.

साहेब खूश. म्हणाले, "असं घर वर्षातून एखादं. शंभरपैकी शंभर." मी म्हटलं, "साहेब, शंभरपैकी शंभर मिळवणाऱ्या पोराचा पेपर मास्तर दोनदा तपासतात." ते हसले. हसण्यावारी नेलं.

पोरीला सातवा चालू आहे असं ऐकलं. सही करायच्या आधी तू स्वतः येऊन घर बघ. माझ्याकडे उतरू नकोस, पोरीच्या खोलीवर उतर, पण ये.

तुझी ताई

शनिवार, ८ मार्च

धाकटे,

उत्तर आलं. अकरा वर्षांनी एक ओळ. "घर स्वच्छ आहे म्हणून घेऊ नको सांगणारी जगात तू एकटीच, जळतेस, दुसरं काय." तेवढ्यासाठी अख्खं पाकीट वाया घालवलंस.

जळायला काय झालं मला? दोन खोल्या आहेत, छत गळत नाही, नवरा घोरतो. बाईला आणखी काय लागतं? आणि जळकी असते तर गप्प बसले असते ना? जळणारी माणसं दुसऱ्याला सावध करत नाहीत, तमाशा बघतात.

बुधवारी पुन्हा गेले. फळ्यांच्या खालचं बघायचं राहिलं होतं. जमिनीखाली हातभर पोकळी आहे, साहेबांचं पोट तिथे मावत नाही, म्हणून मी. उताणं सरकत जायचं, टॉर्च दातात धरायची, पेचकसाच्या मुठीने एकेक फळी वाजवायची. चांगलं लाकूड टण वाजतं, खाल्लेलं भद वाजतं. सगळ्या फळ्या टण वाजल्या. पाठीखाली माती होती, चांगली ओलसर. त्या ओल्या मातीत गांडूळ नाही, बुरशी नाही. मूठभर उचलून नाकाशी धरली. धाकटे, मातीला मातीचा वास नव्हता.

आणि एक सांगते, हसू नकोस. माझे गुडघे दुखायचे थांबले. सहा वर्षं रात्रंदिवस ठणकणारे गुडघे. पाठीला खाज नाही, भूक नाही, तहान नाही. मला बरं वाटलं. खरं तेच लिहिते, फार बरं वाटलं. म्हटलं, दहा मिनिटं पडू. बाहेरून साहेबांच्या हाका ऐकू आल्या तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. दोन तास हाका मारत होते म्हणे. "बाई, मला वाटलं गेलीस." मी म्हटलं, "जाईन तेव्हा सांगून जाईन." पण माझे हात गार पडले होते आणि ते मलाही कळलं नव्हतं.

मग घरमालक आला. निवृत्त माणूस, हात पाठीमागे बांधून चालणारा. छाती फुगवून सांगतो, "आमच्याकडे कधी मुंगीसुद्धा नाही हो." त्याची बायको फाटकाबाहेर रिक्षातच बसलेली. सव्वीस वर्षं ज्या घरात संसार केला तिथे पाय ठेवायला उतरली नाही. मी पाणी मागायचं निमित्त करून तिच्यापाशी गेले. म्हटलं, "काकू, घर का विकता?"

"मोठं पडतं दोघांना."

"बरं, किडा-मुंगी नाही म्हणतात तुमचे हे. भाग्यवान आहात."

तिने आधी नवरा कुठे आहे ते पाहिलं. मग म्हणाली, "दही लागायचं नाही."

"म्हणजे?"

"विरजण लावलं तरी दूधच राहायचं. चौथ्या दिवशीही दूध. नासायचंही नाही. सासूबाई म्हणायच्या, माझ्या हाताला गुण नाही. शेजारणीकडून लावलेलं आणायचे, तेवढ्यापुरतं."

मी विचारलं, "मूलबाळ?"

"राहिलं होतं. दोनदा," ती म्हणाली. एवढ्यात नवऱ्याने हाक मारली आणि तिने रिक्षाचा पडदा ओढून घेतला.

हे सगळं साहेबांच्या फॉर्मवर कुठे लिहू? तिथे ओल, तडे, वाळवी एवढेच रकाने. दह्याचा रकाना नाही.

तू ये. तुला बघून कळेल असं माझं म्हणणं नाही. तुला नाहीच कळणार, तुला बरं वाटेल. पण त्या बाईशी बोल.

ताई

गुरुवार, १३ मार्च

धाकटे,

उत्तर नाही. बरं.

काल आमचे हे म्हणाले, "तुला डाससुद्धा घाबरायला लागले की काय?" ते रात्रभर फटाफट अंगावर मारत बसतात, सकाळी चाळणी झालेली असते. मला एक चावत नाही. मी म्हटलं, "कडू रक्त आहे, त्यांना परवडत नाही." हसलो दोघं. मग सकाळी माझ्या हातून साखर सांडली. आमच्याकडे साखरेचा दाणा पडला की मुंग्यांना आधी कळतं, मला नंतर. मी मुद्दाम झाडली नाही. संध्याकाळपर्यंत साखर तशीच. खडूच्या भुकटीसारखी पडून होती.

दह्याचं विचारू नकोस. तीन दिवस झाले.

आता एक जुनं लिहिते, कारण आज नाही लिहिलं तर राहील. तुम्ही घर विकायला काढलंत तेव्हाची, तुझ्या माळ्यावरची तुळई. गिऱ्हाईक खाली उभं, साहेब उभे, तुझे हे उभे. मी वर चढून बोट लावलं तर बोट आत गेलं. तू खालून डोळ्यांनी मला खुणावलंस, बोलू नकोस. मी बोलले. घराचा सौदा फिसकटला, तुम्हाला त्याच घरात राहावं लागलं आणि दोन वर्षांनी तुझे हे तिथेच गेले. तेराव्याला तू सगळ्यांसमोर मला म्हणालीस, "तू त्या वाळवीपेक्षा वाईट, ती निदान गुपचूप खाते."

मी अकरा वर्षं सांगत आले की मी खरं बोलले, माझं काय चुकलं. खरं बोलण्यात चुकलं नाहीच. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर उद्या तुळई पडली असती. पण माझ्याकडे वेळ होता. शिडीवरून उतरून तुझ्या कानात सांगता आलं असतं. तू स्वतः गिऱ्हाइकाला सांगितलं असतंस, भाव कमी केला असतास, तुळई बदलून दिली असतीस. मी वरूनच ओरडले. कारण साहेबांनी त्या दिवसापर्यंत मला फक्त फरशी पुसायला ठेवलं होतं आणि यंत्र त्या तुळईला चांगली म्हणालं होतं. मला दाखवायचं होतं. शिडीवर उभी राहून मला दाखवायचं होतं, आणि खाली तू होतीस हे मी तेवढ्यापुरतं विसरले. झालं. लिहिलं.

आता दुसरं. हे वाचून तू मला वेडी म्हणशील.

साहेबांना मी म्हटलं, रिपोर्ट थांबवा. ते म्हणाले, "कशासाठी? मला काहीतरी दाखव, मी लिहितो. दाखवायला काही नाही, तर मी काय लिहू? बाईंना करमत नाही, असं?" त्यांचंही बरोबर आहे. म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं करायला निघाले. ऑफिसात गिऱ्हाइकांना दाखवायला आम्ही जिवंत वाळवी ठेवतो, डब्यात, ओल्या पुठ्ठ्यात. त्यातली वाटीभर पुठ्ठ्यासकट उचलली. सोमवारी त्या घरी जाऊन पुढच्या दाराच्या चौकटीमागे, भिंतीच्या फटीत ठेवली, वर ओलं फडकं कोंबलं, माती लिंपली. ज्या खऱ्यापायी बहीण गमावली तेच सोडून मी चोरासारखी फट लिंपत बसले होते, आणि सांगू का, लाज वाटली नाही.

मंगळवारी साहेबांना घेऊन गेले. "चौकट एकदा बघा, मला शंका आहे." त्यांनी माती खरवडली. पुठ्ठा होता. फडकं ओलं होतं. वाळवी एक नाही.

वाळवी उंबऱ्याबाहेर होती. पायरीवर, भर उन्हात, वाळून तांदळाच्या कण्यांसारखी पडली होती. तुला माहीत नसेल, वाळवी उजेडात येत नाही. उन्हात दोन मिनिटं जगत नाही, म्हणून तर ती मातीच्या नळ्या करून आतल्या आत चालते. चार पावलांवर खायला लाकूड, प्यायला ओल, अंधार. ते सगळं टाकून ती उन्हात मरायला बाहेर आली. सगळीच्या सगळी, एकही मागे राहिली नाही. तोंडं सगळ्यांची रस्त्याकडे.

साहेबांनी पुठ्ठ्यावरचा आमच्याच ऑफिसचा शिक्का पाहिला. पुठ्ठ्याची घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "त्या तुळईच्या दिवसापासून मी यंत्र बाजूला ठेवून तुझ्या बोटावर सही करत आलो." मी म्हटलं, "साहेब, पायरी बघा. मी काय केलं ते नंतर बघा, आधी पायरी बघा." त्यांनी बुटाने पायरी साफ केली. "उद्यापासून येऊ नकोस."

रिपोर्ट कोरा करकरीत चांगला गेला. शुक्रवारी, एकवीस तारखेला, सही आहे हे मला दलालाकडून कळलं. आता माझ्याकडे कागद नाही, नोकरी नाही, पुरावा नाही. माझा शब्द आहे, आणि तो तुझ्याकडे चालत नाही.

ताई

सोमवार, १७ मार्च

धाकटे,

हे कुरिअरने पाठवते आहे, उद्या संध्याकाळी तुझ्या हातात पडेल. सही करून घेतात, त्यामुळे मिळालं नाही म्हणायची सोय नाही.

आज सकाळी पोरीचा फोन आला. तुझ्या नकळत केला, तिला रागावू नकोस. जन्मल्यावर दोन वर्षं माझ्या कडेवर वाढली, आणि गेली अकरा वर्षं तिचा आवाज नाही, आणि आज "मावशी" म्हणाली तर मला खुर्ची शोधावी लागली.

म्हणाली, "मावशी, आईला कसली पत्रं लिहितेस? ती वाचते आणि फाडते, मग चिकटपट्टीने चिकटवते आणि परत वाचते."

चिकटवतेस हे मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "पोरी, त्या घराचं एवढंच सांगते..." तिने मला बोलू दिलं नाही. तुझीच मुलगी. "मला आवडलंय ते घर. तुम्ही दोघी तुमचं भांडण माझ्या घरात आणू नका."

मी विचारलं, "तू कधी पाहिलंस?"

"पाहिलंस काय, रोज जाते. पडद्यांची मापं घ्यायला ह्यांनी दलालाकडून किल्ली घेतली होती. ती माझ्याकडेच आहे. आठ दिवस झाले, दुपारी जाऊन पडते. इथे भाड्याच्या खोलीत जीव घुसमटतो. तिथे सतरंजी टाकली की काय झोप लागते म्हणून सांगू."

ती हसत होती. म्हणाली, "आणि एक गंमत. हे बाळ म्हणजे नुसतं माकड आहे, दिवसरात्र लाथा. बरगडी दुखायची माझी. पण त्या घरात पाऊल टाकलं की गप्प. एकदम शहाणं. घर बाळाला पण आवडलंय, मावशी."

मी विचारलं, "आणि बाहेर आल्यावर?"

"बाहेर आल्यावर काय?"

"लाथा. बाहेर आल्यावर मारतं ना?"

"आधी फाटकातच सुरू व्हायचं. मग घरी येईपर्यंत. आता संध्याकाळी कधीतरी." मग तिचं हसणं थांबलं. "काल रात्री... मी लवकर झोपले काल. लक्ष नव्हतं माझं. तू ना, मावशी, मला घाबरवू नकोस." आणि ठेवला. आता माझा उचलत नाही. हे मात्र तिने तुझ्याकडून बरोबर उचललंय.

मी चप्पल घालून निघाले. तिची खोली माझ्यापासून चार गल्ल्या. जिना चढले, दाराला हात लावला, आतून तिच्या बांगड्या वाजल्या. आणि परत फिरले, धाकटे. आयुष्यात कुठल्या दारावरून मी परत फिरलेली नाही, माझ्या तोंडावर लावलेल्या तुझ्या दारावरूनसुद्धा मी दोन तास हलले नव्हते. पण माझ्या घरात आता दूध दूधच राहतं. गुडघे दुखत नाहीत. दोन तासांत माझं हे झालं, आणि तेही मी एकटी, एका जिवाची. ते माझ्यात काय शिरलंय, शिरलंय की निघून गेलंय, मला सांगता येत नाही. ते घेऊन मी त्या पोरीच्या उशाशी जाऊन बसू? तिच्या पोटावर हात ठेवू? म्हणून मी नाही गेले. म्हणून तुला लिहिते. नाहीतर तुझ्या पाया पडायची मला काय हौस आहे?

पडते. हे लिहून पडते. तुळईच्या दिवशी मी उतरून तुझ्या कानात सांगायला हवं होतं, ते आज सांगते आहे. ओरडत नाही. कोणाला दाखवायचं नाही. इथे खाली कोणी उभं नाही, तू आणि मी.

घराचं काय करायचं ते तू ठरव. सही कर, नाहीतर करू नकोस, माझ्याशी पुढची अकरा वर्षं बोलू नकोस, सगळं चालेल. पण हे पत्र मिळालं की पहिल्या गाडीत बस. पोरीकडून ती किल्ली काढून घे. जावई मध्ये आला तर त्याला माझ्या नावाने चार शिव्या दे आणि किल्ली घे. ती घरी असेल तर तिला उठव. त्या घरात असेल तर दारातून हाका मारत बसू नकोस, तिला ऐकू यायचं नाही. आत जा, तिचा हात धर आणि बाहेर काढ. तू आत क्षणभरही बसू नकोस. बरं वाटायला लागेल, तेव्हा तर अजिबात बसू नकोस.

मग तिला डॉक्टरीणबाईंकडे ने. माझं नाव सांगू नकोस, दह्याचं सांगू नकोस, वाळवीचं सांगू नकोस, वेडी समजतील. एवढंच सांग की बाळ कमी हलतंय. आणि नेईपर्यंत तिला डाव्या कुशीवर निजव, गोड काहीतरी प्यायला दे, तिच्या पोटावर तुझा हात ठेव आणि मोज. डोळे मिटून मोज, मध्ये कोणाशी बोलू नकोस.

गुरुवारी, वीस तारखेला, संध्याकाळी सहापर्यंत मला फोन कर. मी दाराशी बसून राहणार आहे. ताई म्हणू नकोस, कशी आहेस विचारू नकोस, माफ केलं की नाही ते सांगू नकोस. मला फक्त आकडा सांग. एका तासात बाळ किती वेळा हललं, तेवढा एक आकडा सांग आणि ठेवून दे.